धुरकट हिवाळा आणि दोन कॅमेरे

भातं झोडून झाली की आमच्याकडची हवा एकदम हलकी होते. वरच्या कातळमाळावरचं, सड्यावरचं गवत पिवळं पडतं, सकाळी विहिरीच्या पाण्यावरून वाफ निघते, आणि समुद्राच्या बाजूने ते दोघे यायला लागतात. समुद्रगरुडांची जोडी. पोट पांढरं शुभ्र, पंख राखाडी, आणि पायांत धरलेली हातभर लांब काटकी. वाऱ्यावर तिरके होत, काटकी सांभाळत ते आमच्या घरामागच्या रायवळ आंब्यावर उतरतात आणि जुन्या घरट्याची डागडुजी सुरू होते. यंदाही आले आहेत. काल सकाळी मी स्कूटर बाहेर काढत होतो, तेवढ्यात वरून ती ओळखीची हाक आली, बदकाच्या आणि भोंग्याच्या मधली. मी तसाच हेल्मेट हातात धरून उभा राहिलो.

ती हाक ऐकली की मला दोन हजार सहा सालचा हिवाळा आठवतो. आमच्या घरात त्या हिवाळ्यात दोन कॅमेरे होते. एक माझा, एक आईचा. त्यातला चांगला कोणता, यावर आमचं बोलणं व्हायचं.

माझा कॅमेरा धंद्याचा होता. रत्नागिरीत स्टँडच्या मागे आमचा फोटो स्टुडिओ आहे. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी तो काढला, आणि तीस-पस्तीस वर्षं फिल्मवर चालवला. डार्करूममधला आंबूस वास अप्पांच्या शर्टांना कायमचा लागलेला असायचा. मी डिजिटलवर गेलो ते त्याच वर्षी. काळा, जड, लेन्स बदलता येणारा डीएसएलआर घेतला. गळ्यात अडकवला की मान पुढे झुकायची आणि लग्नात लोक बाजूला सरून वाट द्यायचे. त्याला लांबचं बघायला वेगळी मोठी लेन्स घेतली होती. ती लावली की कॅमेरा एका हातात धरायची सोय नव्हती. बटण दाबलं की आतला आरसा उचलला जाऊन खटॅक असा आवाज व्हायचा. तो आवाज मला फार आवडायचा. अप्पांनाही आवडला असता, पण त्यांनी तो जेमतेम दोन-तीनदा ऐकला. श्रावणात ते गेले.

आई आमच्या स्टुडिओत रिटचिंग करायची. ज्यांनी ते काम पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. उताराच्या मेजाला मधोमध काच बसवलेली असते, खाली आरसा. आरशातून उजेड काचेवर येतो, काचेवर निगेटिव्ह. मग पेन्सिलीला सुईसारखं टोक करून त्या निगेटिव्हवर, नखाएवढ्या चेहऱ्यावर, बारीक बारीक ठिपके देत बसायचं. मुरूम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं त्या ठिपक्यांत विरून जायचं. लग्न ठरवायला जे फोटो पाठवले जायचे, त्यातले तालुक्यातले निम्मे तरी चेहरे आईच्या पेन्सिलीखालून गेले असतील. पण तिने स्वतः कधी कॅमेरा हातात धरला नव्हता. फोटो काढणं अप्पांचं, पुढचं काम तिचं, अशी वाटणी होती आणि त्यात कुणाला काही खटकत नव्हतं.

अप्पा गेल्यावर ती गप्प झाली. घर आमचं भाट्याच्या पुलापलीकडे, चढावर. मी स्टुडिओत, माझी बायको शुभा शाळेत. दिवसभर आई एकटी. दिवाळीला माझी बहीण सुमन डोंबिवलीहून आली. सण करायचा नव्हता, नुसती आली. जाताना तिने पिशवीतून एक छोटा कॅमेरा काढून आईच्या मांडीवर ठेवला.

"हे गं काय?" आई म्हणाली.

"तुला. सगळं तो आपोआप करतो. तू नुसतं बटण दाबायचं."

"आणि काढू कुणाचे फोटो?"

"काढ कुणाचेही. आयुष्यभर दुसऱ्यांनी काढलेले दुरुस्त केलेस, आता तुझे तू काढ."

मी तो हातात घेऊन पाहिला. मुठीत मावेल असा, करड्या रंगाचा. चालू केला की लेन्स कासवाच्या मानेसारखी बाहेर यायची. आणखी एक खटका दाबला की लांबचं जवळ, जवळ, आणखी जवळ येत राहायचं. बारा पट. मी मनातल्या मनात त्याला खेळणं म्हटलं. धंद्यात असलो म्हणजे असं वाटतंच. त्या वर्षी प्रत्येक लग्नात मुंबईहून आलेला कुणीतरी भाचा असा कॅमेरा घेऊन माझ्यापुढे उभा राहायचा आणि अंतरपाट दूर व्हायच्या क्षणी त्याची कोपरं माझ्या फ्रेममध्ये असायची. शिवाय विचारायचा, "तुमचा किती मेगापिक्सेल?" माझ्याहून त्याचे जास्त निघाले की त्याचा चेहरा खुलायचा. आत फोटो टिपणारी चिप माझ्या कॅमेऱ्यात मोठी आणि त्याच्यात करंगळीच्या नखाएवढी, हे भर लग्नात कोण कुणाला समजावणार?

पण एक गोष्ट मानायला हवी. जे बघायला मला ती तोफेसारखी लेन्स लावावी लागायची, ते आईला मागीलदारी पायरीवर बसल्या बसल्या दिसायचं. आंब्यावरचं घरटं तिथून समोरच होतं. सकाळची कामं आटोपून ती पायरीवर बसायची, कॅमेरा डोळ्याला लावायची. मार्गशीर्ष लागला तेव्हा घरट्याच्या काठावरून एक मळकट पांढरं डोकं वर आलं. पिल्लू होतं. त्या दिवशी मी घरी आलो तेव्हा आई अप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा आपणहून बोलली.

"कापसाच्या बोंडासारखं काहीतरी हलतंय बघ त्या घरट्यात."

मग रोज बातम्या मिळायला लागल्या. नर आज मोठा मासा घेऊन आला. परवा म्हणे साप आणला, समुद्रातला. झाडाखाली माशांचे काटे पडलेत, मांजरं भांडतायत. शुभा शाळेतून आली की आधी तिला सांगायचं, मग मला. घरात पुन्हा आवाज सुरू झाला होता आणि तो त्या खेळण्याने आणला होता, म्हणून मी त्याच्याबद्दल वावगं बोलत नव्हतो.

तक्रार सुरू केली ती आईनेच.

"अवी, हा कॅमेरा मेला धुरकट दाखवतो रे."

मी लेन्स पुसून दिली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. "धुकं असल्यासारखं दिसतं. तुझ्यात बरं दिसत असेल."

"असणारच," मी म्हटलं. "लहान कॅमेऱ्याची तेवढीच कुवत. इतक्या लांबचं ओढून आणायचं म्हणजे थोडं मऊ येणारच."

"मग तुझा दाखव की एकदा. बघत्ये तरी फरक."

रविवारी सकाळी मी तिपाई लावली. डीएसएलआरवर मोठी लेन्स चढवली, घरट्यावर नेम धरला आणि फोकस करून दिला. सूर्य आमच्या पाठीशी होता, हवा स्वच्छ. पिल्लाच्या मानेवर फुटायला लागलेली तपकिरी पिसं एकेक मोजावीत इतकी दिसत होती. मनातून मी खूश होतो. माझा कॅमेरा आज जिंकणार होता.

आईने चष्मा काढला, डोळा लावला. बराच वेळ भिंगातून बघत होती.

"काय? पडला ना फरक?"

"नाही रे," ती म्हणाली. "हाही तसाच. यातही धुरळाच आहे."

मी पुन्हा डोळा लावला. पिसं तशीच स्वच्छ दिसत होती. तिपाईजवळचा करडा कॅमेरा उचलला, तोच नेम धरून पाहिलं. त्याच्यातही पिल्लू चांगलं दिसत होतं. माझ्यातल्याइतकं नाही, पण धुकं मुळीच नव्हतं. दोन्ही कॅमेरे ठीक होते.

मी आईकडे पाहिलं. ती घरट्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा अगदी शांत होता. धुरळा आपल्याच डोळ्यांत आहे हे तिला कळलं होतं, आणि ते काही आज कळलेलं नव्हतं.

"आई, किती दिवस झाले?"

"पुष्कळ," ती म्हणाली. "तुझे अप्पा पेपर वाचून दाखवायचे ना, ते काय त्यांना हौस म्हणून? त्यांना ठाऊक होतं. मीच म्हटलं होतं, मुलांना सांगू नका. वाटलं, तुझ्या मोठ्या भिंगातून तरी नीट दिसेल."

मग एकेक गोष्ट आठवायला लागली. आईने निवडलेल्या तांदळातही खडे येतात म्हणून शुभा वाण्याला बोलायची. ट्यूबलाइट बदलून घेतली, तरी उजेड कमीच आहे असं आई म्हणायची. डिजिटल आलं, रिटचिंग संपलं, तेव्हा मेज आवरताना ती म्हणाली होती, "बरं झालं." मला वाटलं होतं, दमली असेल.

मोतीबिंदूच असणार, हे कळायला डॉक्टर नको होता. केळशीला तिचं माहेर. तिच्या थोरल्या भावाचं, आमच्या मामाचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, मी अगदी लहान असताना. त्या काळी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसचे दिवस हलू देत नसत. मामाच्या डोळ्यात पू झाला आणि तो डोळा गेला. घाबरून त्याने दुसरा करूनच घेतला नाही. पुढची सगळी वर्षं तो ओटीवर बसून पायांच्या आवाजावरून माणूस ओळखायचा. आईने ते पाहिलेलं.

"अर्धं दिसतंय ते दिसतंय," ती म्हणाली. "तेही घालवून बसू? घरातल्या घरात माझं चालतं सगळं."

मी वाद घातला. शुभाने घातला. सुमनने फोनवरून घातला, रडलीही. आई ऐकून घ्यायची आणि उठून चहा ठेवायची. साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला हे ती हाताने चाचपून ओळखते, हे आता आम्हाला दिसायला लागलं होतं.

रोज सकाळी मात्र ती पायरीवर बसायचीच. कॅमेऱ्याबद्दलची तक्रार बंद झाली होती. आणि आम्ही जे बोलून बोलून थकलो, ते त्या पिल्लाने केलं. पौष लागला तसं ते घरट्याच्या काठावर उभं राहून पंख झाडायला लागलं. एके सकाळी मी मागीलदारी दात घासत होतो.

"काय करतंय रे ते आता?" तिने विचारलं.

"पंख पसरून उभं आहे. वारा घेतंय."

"उडेल कधी?"

"अजून महिना-दीड महिना तरी लागेल."

ती कॅमेरा मांडीवर ठेवून त्याची दोरी बोटाला गुंडाळत राहिली. "आणि तू असंच मला सांगत बसणार," ती म्हणाली. "रेडिओवरच्या मॅचसारखं."

तोंड धुऊन मी आत येईपर्यंत तिने लुगडं बदललंही होतं. "डोळे नुसते दाखवून येऊ," ती म्हणाली. "करायचं की नाही ते मग."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी आईचे डोळे तपासले आणि मामाची सगळी हकिगत मध्ये न बोलता ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "आजी, तुमच्या भावाची भीती खरी होती. तेव्हा टाके असायचे, आता छेदच इतका बारीक असतो की टाका लागत नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी घरी असाल. तरी शंभर टक्के काही होणार नाही असं मी कुठल्याच ऑपरेशनबद्दल सांगत नाही."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "खोटं नाही बोलली बाई." आणि संक्रांत झाल्यावरचा दिवस ठरवून टाकला. आधी उजवा डोळा.

ऑपरेशनच्या दिवशी दवाखान्यातल्या बाकावर बसून मी काय काय विचार केले ते सांगत नाही. कॅमेऱ्यांचा धंदा करणारा माणूस डोळ्याबद्दल जे कधी मनात आणत नाही, ते सगळं त्या बाकावर आणलं. काच खराब झाली तर मी दुसरी मागवतो. फोटो बिघडला तर पुन्हा काढतो. इथे आत चाललेलं काम एकदाच होणार होतं, आणि ते होईपर्यंत माझ्या हातात आईच्या चष्म्याची डबी धरून बसण्याखेरीज काही नव्हतं. शुभा शाळेतून तशीच आली आणि शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिसतंय का, आजी?"

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "तुम्ही अगदीच पोर आहात हो," ती म्हणाली.

रिक्षाने घरी निघालो. आईला काळा गॉगल दिला होता. पुलाच्या मध्यावर आल्यावर तिने रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. "थांब रे जरा." गॉगल किंचित वर करून ती खाडीच्या मुखाकडे बघायला लागली. भरती होती. पाणी आत चढत होतं, पलीकडे समुद्र, वर सकाळचं आकाश.

"निळं आहे रे," ती म्हणाली.

"काय?"

"पाणी. आणि वरही. मला वाटायचं, यंदा मळभ हटतच नाहीये."

रिक्षावाल्याला काही कळलं नाही, पण त्याने इंजिन बंद केलं. मी दुसरीकडे तोंड फिरवून बसलो.

पुढचे दिवस थेंब घालण्याचे. खाली वाकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही, चुलीच्या धुरात जायचं नाही. आईने सगळं निमूट पाळलं. मधेच आरशासमोर उभी राहून म्हणाली, "एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या गो? कुणी बोललं नाही ते." शुभा हसली, मग तीही हसली. परवानगी मिळताच कॅमेरा पुन्हा हातात आला आणि तेव्हा कुठे आमच्या दोन कॅमेऱ्यांची खरी तुलना झाली. मी दोन्हींतून काढलेले पिल्लाचे फोटो स्टुडिओच्या मोठ्या पडद्यावर शेजारी शेजारी लावले. आईने खुर्ची पुढे ओढली.

"तुझ्यात पिसाच्या कडेला दुसरं पीस सुरू होताना दिसतं," ती म्हणाली. "माझ्यात तिथे लिंपल्यासारखं झालंय. आणि सावलीत रवा सांडल्यासारखे दाणे आलेत. तुझा चांगला आहे, यात काही वाद नाही."

"मग घेशील का हा?"

"नको रे बाबा. तो उचलायचा म्हणजे आधी पदर खोचायला हवा. हा मला पेलतो."

मी तिच्याजवळ हात टेकून पडद्याकडे बघत होतो. तिचं म्हणणं दोन्ही बाजूंनी खरं होतं. त्यानंतर कितीतरी गिऱ्हाइकांनी मला विचारलं, कोणता घेऊ? मोठा घेऊ की हा लांबचं दाखवणारा छोटा? पूर्वी मी चिप आणि लेन्सचं पुराण लावायचो. त्या हिवाळ्यानंतर मी आधी विचारायला लागलो, कोण वापरणार आहे, आणि काय बघायचंय त्यांना? उत्तर बहुतेक वेळा त्यातच मिळायचं. माझा तो डीएसएलआर पुढे विकला गेला, त्याच्या जागी दुसरे आले. छोट्याचं बॅटरीचं झाकण नंतर सैल झालं, म्हणून आईने त्याला रबर लावला. अजून कपाटात आहे.

शिमगा तोंडावर आला. पालख्यांची तयारी, ढोल तापवायचे आवाज संध्याकाळी वाडीवाडीतून यायला लागले. पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं. आईबापाएवढं झालेलं, तपकिरी, फांदीवरून फांदीवर उड्या मारायचं आणि मग तोल सावरत ओरडायचं. मी रोज सकाळी कॅमेरा तयार ठेवत होतो. पण उडायची वेळ काही ते मला विचारून ठरवणार नव्हतं, आणि दुकान उघडायला लागतंच.

त्या दिवशी स्टुडिओत पासपोर्ट साईझ फोटोसाठी एक गृहस्थ आले होते. त्यांना स्टुलावर बसवून मी दिवे लावत होतो. दारात रिक्षा थांबली आणि आई उतरली. एकटी. गळ्यात करडा कॅमेरा, अंगावर घरातलंच लुगडं. अप्पा गेल्यापासून ती एकटी गावात आली नव्हती.

"गेलं," ती उंबऱ्यातूनच म्हणाली.

"काय गेलं?"

"पिल्लू. उडालं."

तिने कॅमेरा माझ्या हातात दिला. मी मागच्या पडद्यावर एकेक फोटो पाहिला. फांदी, तीवर ते बसलेलं. मग मोकळी फांदी. मग नुसतं आकाश. पुन्हा आकाश, कोपऱ्यात पंखाचं टोक.

"बटण दाबलं की हा आधी विचार करतो," आई म्हणाली. "तोवर ते गेलंच. तुझा असता तर मिळालं असतं ना?"

"मिळालं असतं," मी म्हटलं. ते खरंच होतं.

"असू दे. मी पाहिलं." तिने पदराने कपाळ पुसलं. चढ उतरून रिक्षा मिळेपर्यंत ती चालत आली असणार. "आधी पडल्यासारखं खाली गेलं रे. म्हटलं, आपटलंच. मग पंख उघडले आणि तसंच वर, वर. नीट येत कुठे होतं त्याला, वेडंवाकडं चाललेलं. शेजारच्यांच्या माडावर जाऊन बसलं तर झावळ अशी वाकली. आणि आई त्याची वर घिरट्या घालत्ये, ओरडत्ये."

स्टुलावरचे गृहस्थ आमच्याकडे बघत होते. मी त्यांना म्हटलं, "दोन मिनिटं हं."

"नाही, तू तुझं काम कर," आई म्हणाली. "मी सांगायला आल्ये फक्त. आणि जाताना डॉक्टरीणबाईंकडे होऊन जात्ये. डावा कधी करायचा ते विचारून ठेवत्ये."

"मी येतो ना संध्याकाळी. आपण दोघं जाऊ."

"त्यात काय, जात्ये मी. रस्ता दिसतो मला."

ती वळली, पायरीवर एक पाऊल ठेवलं आणि थांबली. दारातून तिने दिव्यांच्या उजेडात बसलेल्या त्या गृहस्थांकडे पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या कॉलरवर दोरा आहे. डावीकडे. पांढरा."

गृहस्थांनी मान वाकडी करून शोधला. शर्ट पांढरा, दोराही पांढरा. बोटांना लागला तेव्हा त्यांनी तो काढून टाकला आणि सरळ बसले. आई तोवर रस्त्याला लागली होती.